शके १९४५ ची पहाट, बालीत

पहिला दिवस : शुक्रवार, १७ मार्च २०२३, सानूर

सानूरला आलेली माणसं आधी समुद्र गाठतात. आई आणि मी सामान खोलीवर टाकलं आणि गल्लीबोळांतून एक छोटं देऊळ शोधत निघालो. ब्लांजोंगचा शिलास्तंभ तिथे आहे. पुरुषभर उंच, वस्त्र गुंडाळलेला, अक्षरं बरीच झिजलेली. श्री केसरी वर्मदेव या राजाने आपल्या विजयाची नोंद म्हणून तो इ. स. ९१४ मध्ये उभारला. राजाचं नाव आणि शक दोन्ही सांगणाऱ्या बालीतल्या सगळ्यांत जुन्या लेखांपैकी हा एक. एका बाजूचा मजकूर जुन्या बाली भाषेत आहे, पण लिपी नागरीचं जुनं वळण. दुसऱ्या बाजूला संस्कृत आहे, आणि ते लिहिलंय बालीच्या लिपीत. दोन भाषांनी एकमेकींची लुगडी नेसावीत तसं.

आईने तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. लेखातल्या तारखेची ओळ तिने घरूनच वहीत उतरवून आणली होती. स्तंभासमोर उभी राहून तिने ती हळू आवाजात वाचली. शर, वह्नि, मूर्ती. "मदनाचे बाण पाच, अग्नी तीन, शंकराच्या मूर्ती आठ. उजवीकडून डावीकडे वाच," ती म्हणाली. शके ८३५. महिना फाल्गुन.

आमचाही फाल्गुनच चालू होता. शालिवाहन शक म्हणून आपण पंचांगाच्या पहिल्या पानावर जो आकडा छापतो, तोच आकडा बालीत आजही वर्ष मोजायला वापरतात. यंदा तिथला नववर्षदिन, न्येपी, आणि आपला पाडवा एकाच दिवशी, २२ मार्चला येत होता. दरवर्षी हे जुळत नाही, कारण अधिक महिना धरण्याची रीत दोन्हीकडे वेगळी आहे. पुढच्याच वर्षी न्येपी ११ मार्चला होती आणि पाडवा थेट ९ एप्रिलला. म्हणून तर आईने हट्टाने हेच दिवस निवडले होते.

परतताना 'इंतारन' अशी पाटी दिसली. आमचा चालक, ज्याला आम्ही तिकडच्या रीतीने 'ब्ली' म्हणजे दादा म्हणत होतो, त्याने सांगितलं की हे इथल्या गावाचं नाव, आणि झाडाचंही. झाड दाखवल्यावर आईचा चेहरा उजळला. कडुनिंब! पाडव्याच्या पाल्याची सोय झाली.

दुसरा दिवस : शनिवार, १८ मार्च, पेजेंग आणि तीर्थ एंपुल

आज मुक्काम उबुडजवळच्या एका घरी हलवला. वाटेत पेजेंगला थांबलो. इथल्या देवळात एका उंच मखरात काशाचा एक प्रचंड नगारा ठेवलाय, जवळजवळ १८६ सेंटिमीटर उंच. मान वर करून पाहावा लागतो. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा. त्यावरचे मोठ्या डोळ्यांचे चेहरे कुठल्याही पुराणातले नाहीत. गावची गोष्ट अशी, की हे चंद्राच्या रथाचं चाक. आकाशातून निसटून झाडात अडकलं, आणि त्याच्या उजेडामुळे रात्री चोरी करता येईना म्हणून एका चोराने त्यावर लघवी करून ते विझवलं. चोर तर मेलाच, पण चाक तेव्हापासून अंधारं झालं.

हा नगारा ओतला गेला तेव्हा इथे ना शिव होता, ना विष्णू. बालीचे लोक ज्या दर्यावर्दी कुळातले, त्या ऑस्ट्रोनेशियन लोकांनी भातशेती, डुकरं, होड्या आणि पितरांची पूजा घेऊन बेटामागून बेट पार केलं आणि ते इथे स्थिरावले. भारताशी संबंध आला तो नंतर, व्यापारातून. उत्तर किनाऱ्यावर सेंबिरन आणि पाचुंग इथल्या उत्खननात तमिळ किनाऱ्यावरच्या अरिकामेडूला सापडतात तशा नक्षीच्या भारतीय थाळ्यांचे तुकडे मिळाले. आधी मडकी आली, देव मागून आले.

गुनुंग कावी झटपट पाहिलं. पाकेरिसान नदीच्या दोन्ही काठांवर अख्ख्या कड्यात कोरलेली अकराव्या शतकातली दहा स्मारकं, राजा उदयन आणि त्याच्या घराण्याची. खाली उतरायच्या पायऱ्या इतक्या की आईच्या गुडघ्यांसाठी आम्ही अर्ध्या वाटेवरूनच नमस्कार केला.

मन रमलं ते तीर्थ एंपुलला. तळाच्या काळ्या वाळूतून पाणी बुडबुडत वर येतं, वाळू उकळल्यासारखी दिसते. तिथून ते दगडी मुखांतून कुंडांत पडतं. लोक सोवळं नेसून रांगेने एकेका धारेखाली जातात, आधी हात जोडतात, मग डोकं धारेखाली धरतात. काही मुखं सोडून पुढे सरकतात, कारण ती मृतांच्या विधींसाठी राखलेली आहेत. जुन्या काळी इथले लोक आपल्या धर्माला 'आगम तीर्थ' म्हणत, पाण्याचा धर्म. इथे आल्यावर ते नाव कळतं.

या कुंडांची एक हकीकत ब्लीने सांगितली, आणि ती मी आधी वाचलेलीही होती. शेजारच्या मनुकाया गावात एक जुनी शिला आहे. कपात म्हणजे चौथ्या महिन्याच्या पौर्णिमेला गावकरी ती शिला इथे आणून न्हाऊ घालतात. का, ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पूर्वजांनी केलं म्हणून करायचं. अक्षरं वाचता येणारं कोणी उरलंच नव्हतं. विसाव्या शतकात डच पुराविद स्टुटरहाइम यांनी ती वाचली. दहाव्या शतकात ही कुंडं बांधल्याची ती नोंद निघाली, आणि तिच्यावरची तिथी होती चौथ्या महिन्याची पौर्णिमा. हजार वर्षं त्यांनी तारीख वाचली नव्हती, पाळली होती.

पुजाऱ्याने, पेमांगकूने, आमच्या ओंजळीत तीन वेळा तीर्थ घातलं, ते प्यायचं. मग ओले तांदूळ कपाळावर, दोन्ही कानशिलांवर आणि गळ्याच्या खळीत चिकटवले. तीन दाणे गिळायला दिले. आई म्हणाली, "तीर्थ आणि अक्षता. आपलंच आहे की गं सगळं!"

तिने ते मराठीत म्हटलं होतं, पण ब्लीला भाव कळला असावा. तो म्हणाला, "माझ्या आजीला भारत माहीत नव्हता. तिला आगुंग पर्वत माहीत होता, आणि हे पाणी."

रात्री आई बराच वेळ गप्प होती. नंतर म्हणाली, "आपलंच म्हटलं की त्यांचं काय उरलं?" पुढचे पाच दिवस तो प्रश्न माझ्याबरोबर चालत राहिला.

तिसरा दिवस : रविवार, १९ मार्च, समुद्र आणि तेंगानान

न्येपीच्या आधी गावोगावचे देव समुद्रावर जातात. त्याला मेलस्ती म्हणतात. पूर्वेकडे जाताना क्लुंगकुंगच्या किनाऱ्यावर पांढऱ्या कपड्यांतली गावंच्या गावं उतरताना दिसली. डोक्यावर देवांच्या पेट्या, वर पिवळ्या-पांढऱ्या छत्र्या, मागे झांजा आणि घंटांचा असा गजर की छातीत घुमतो. पंढरीच्या वाटेवर पालखी पाहिलेल्या माणसाला गर्दीतली ती शिस्त ओळखू येते. बाया वाळूत रांगेने बसल्या होत्या. एका लहानग्याची टोपी लाटेने नेली, तीही कोणीतरी न बोलता आणून दिली.

डाव्या हाताला ढगांतून आगुंग अधूनमधून दिसत होता. परवाच, १७ मार्चला, त्याच्या सगळ्यांत मोठ्या स्फोटाला साठ वर्षं झाली. १९६३ साली त्याच्या उतारावरच्या बेसाकिह या मुख्य मंदिरात शंभर वर्षांतून एकदा होणारा 'एकादश रुद्र' महायज्ञ चालू असतानाच पर्वत फुटला. हजाराहून जास्त माणसं गेली. लाव्हा बेसाकिहच्या अगदी जवळून वाहत गेला, मंदिर वाचलं. लोकांनी त्याचा अर्थ असा लावला की यज्ञाची वेळ चुकली. शकाच्या आकड्याअखेर दोन शून्यं यायला हवीत, म्हणून तो पुन्हा केला १९७९ मध्ये, शके १९०० सरताना. आपल्याकडे शक आता पत्रिकेच्या मथळ्यापुरता उरलाय. इथे त्या आकड्याकडे पर्वताच्या रागाचं उत्तर म्हणून पाहतात.

तेंगानान हे बाली आगा लोकांचं गाव. मजापहित साम्राज्याने १३४३ मध्ये बाली जिंकली, पुढे जावातले सरदार, पंडित, कलावंत इथे आले आणि आज दिसणारी दरबारी, वर्णांची, मोठ्या पुरोहितांची बाली घडली. बाली आगा त्याआधीचे. त्यांच्या गावाला कोट आहे, फाटकं आहेत, आत डोंगराकडून समुद्राकडे उतरत जाणाऱ्या रुंद दगडी गल्ल्या. ते मृतांना दहन न करता पुरतात. मुख्य देव इंद्र. गावाची जमीन कशी मिळाली याची त्यांची गोष्ट अशी. राजाचा उच्चैःश्रवा घोडा हरवला, यांच्या पूर्वजांना तो मेलेला सापडला. राजा म्हणाला, वास जिथवर येईल तिथवरची जमीन तुमची. मुख्याने घोड्याच्या मांसाचा तुकडा कपड्यांत लपवला आणि मोजणाऱ्याला बरोबर घेऊन चालत राहिला. वास काही संपेना.

एका ओसरीवर माग होता. कंबरेला पट्टा अडकवून एक बाई जमिनीवर बसून विणत होती. गेरिंगसिंग. याचे उभे आणि आडवे दोन्ही धागे विणण्याआधीच गाठी मारून रंगवतात. मग विणताना आडव्या धाग्यावरचा ठिपका उभ्या धाग्यावरच्या ठिपक्यावर नेमका बसायला हवा. ती प्रत्येक फेकीनंतर थांबायची आणि हाडाच्या बारीक टोकाने धागे केसाएवढे सरकवायची. तांबडा रंग आल वनस्पतीच्या मुळांचा. निळा त्या स्वतः करत नाहीत, तो शेजारच्या बुगबुग गावातून करून आणतात. एक कापड पुरं व्हायला वर्षं लागतात. दोन्ही अंगांनी असं विणणारे जगात मोजके, इथले, गुजरातेतल्या पाटणचे पटोळेवाले आणि जपानातले काही. पाटणचा पटोळा तर शतकानुशतकं व्यापारातून या बेटांवर येत होता आणि इथे तो देवकार्याचं वस्त्र मानला गेला.

'गेरिंग' म्हणजे आजार, 'सिंग' म्हणजे नाही. अंगावर असलं की रोग येत नाही अशी श्रद्धा. आईने पैठणीचा पदर तपासावा तसं कापड उलटून पाहिलं. उलटी बाजू नव्हतीच.

चौथा दिवस : सोमवार, २० मार्च, बातुर

धुकं आणि पाऊस. बातुर ज्वालामुखीच्या कड्यावर उभं राहून खालचं सरोवर पाच मिनिटं दिसलं. पलीकडच्या काठावर त्रुन्यान हे दुसरं बाली आगा गाव. तिथे मृतांना पुरतही नाहीत आणि जाळतही नाहीत, एका सुगंधी झाडाखाली बांबूच्या कुडाआड उघड्यावर ठेवतात. होड्या करून लोक ते बघायला जातात. आम्ही गेलो नाही. कोणाच्या तरी आजोबांच्या देहाचं दर्शन तिकीट काढून घ्यावं, हे मला पटत नाही.

कड्यावरच्या उलुन दानू मंदिरात मात्र बसलो. सरोवराची देवी, देवी दानू, मध्य बालीतल्या शेतांना पाणी देते अशी श्रद्धा आहे. मूळ मंदिर खाली गावात होतं. १९२६ च्या उद्रेकात गाव गेलं, तेव्हा लोकांनी देव वर आणले आणि नवं देऊळ बांधलं. पर्वतावरचा राग नाही धरला.

पाचवा दिवस : मंगळवार, २१ मार्च, घर आणि भुतं

आज कुठेच गेलो नाही. घरमालकीणबाईंना आम्ही 'इबू' म्हणत होतो, म्हणजे आई. पहाटेपासून त्या ओसरीवर बसून कनांग करत होत्या. नारळाच्या कोवळ्या पिवळट झावळीची पाती घ्यायची, चाकूने अंदाजाने कापायची, वळवून चौकोनी तबक करायचं आणि कोपरे बांबूच्या बारीक काडीने टाचायचे. आत आधी पोरोसान, म्हणजे विड्याच्या पानाच्या घडीत चुना आणि सुपारी. मग फुलं दिशेप्रमाणे, पूर्वेला पांढरी, दक्षिणेला तांबडी, पश्चिमेला पिवळी, उत्तरेला निळी किंवा हिरवी.

आई शेजारी जाऊन बसली. तिचं लहानपण रत्नागिरीजवळचं, पत्रावळी लावण्यात गेलेलं. "आम्ही हिराच्या काडीने टाचायचो," असं सांगत तिने पातं हातात घेतलं. बोटांना टाचायची सवय होती, पण वळवण्याची दिशा उलटी होती. पहिली तिन्ही तबकं वाकडी झाली. इबूंनी तिचा अंगठा धरून एकदा दाखवला. चौथं जरा बरं झालं. इबूंनी ते इतरांत न टाकता बाजूला ठेवलं.

इबू म्हणाल्या, रोजची पंधरा-वीस तरी लागतात. चूल, विहीर, उंबरा, स्कूटर, दुकानाचा गल्ला. संध्याकाळपर्यंत कोणाच्या तरी पायाखाली येतात, कुत्री खातात. त्याचं काहीच नाही, अर्पण केलं तेव्हाच ते पोचलं. स्वयंपाक झाल्यावर केळीच्या पानाच्या तुकड्यांवर भाताची चिमूट ठेवून त्या घरभर फिरल्या, मगच घर जेवलं. माझे आजोबा पानाबाहेर चित्राहुती घालायचे. माझ्या घरी आता कोणी घालत नाही.

दुपारी चौकाचौकात भूतयज्ञ झाले. अंधार पडल्यावर ओगोह-ओगोह निघाले, पोरांनी महिनोन् महिने खपून केलेले बांबू-कागदाचे अक्राळविक्राळ राक्षस. चौकात आले की त्यांना गरगर फिरवायचं, म्हणजे भुतांना दिशा उमगत नाही. घराघरांतून लोक पातेली बडवत होते. आईही ताट घेऊन उभी राहिली.

सहावा दिवस : बुधवार, २२ मार्च, न्येपी आणि पाडवा

सकाळी सहापासून चोवीस तास चार व्रतं. अग्नी नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. विमानतळसुद्धा बंद, मोबाइलचं इंटरनेट बंद. रस्त्यावर फक्त चौकटीचं वस्त्र नेसलेले पेचालांग, गावचे राखणदार. कालच्या गोंगाटाने जागी झालेली भुतं वरून बघतात, बेटावर कोणीच नाही असं समजून निघून जातात, अशी समजूत आहे.

आईची अडचण वेगळीच होती. पाडवा, आणि घरात दिवा लावायचा नाही. आदल्या दिवशीच तिने इबूंना विचारून ठेवलं होतं. गुढीला आग लागत नाही आणि आवाजही होत नाही, तेव्हा अंगणाच्या आतल्या बाजूला चालेल, असं ठरलं. उजाडता उजाडता बांबूची काठी, आईची हिरवी साडी, सानूरहून आणलेला इंतारनचा पाला, झेंडूची माळ आणि घरून आणलेला तांब्याचा छोटा गडू. नैवेद्याला गूळ आणि नारळ. निरांजन नाही. आईने नुसते हात जोडले.

इबू दारात उभ्या राहून बघत होत्या. कुजबुजत म्हणाल्या, "पेंजोर?" पेंजोर म्हणजे गलुंगानच्या सणाला त्या दारात लावतात तो उंच, टोकाला वाकलेला, सजवलेला बांबू. आई मान हलवणार होती. मग थांबली आणि मला म्हणाली, "त्यांना विचार, पेंजोर कशाचा असतो?"

"आगुंगचा," इबू म्हणाल्या. "पर्वत आपल्या दारात येतो."

"आमची गुढी विजयाची," आई म्हणाली. दोघी हसल्या. आईने त्यांना कडुनिंबाची दोन पानं दिली. इबूंनी न विचारता चावली आणि डोळे मिटले.

दिवसभर इतकी शांतता होती की नारळ पडल्याचा आवाज तीन घरांपलीकडून यायचा. इबूंचे यजमान माध्यमिक शाळेत शिकवत. ते घरातल्या देवळाच्या पायरीशी बसून हळू बोलत होते. समोर पद्मासन होतं. कासव आणि नागांवर रचलेला दगडी मनोरा, वर सिंहासन, आणि सिंहासन रिकामं. मूर्ती नाही. देव उत्सवाला उतरतात, एरवी पर्वतावर असतात. हे रिकामं आसन रूढ केलं ते सोळाव्या शतकात जावातून आलेल्या द्विजेंद्र निरर्थ या ऋषीने, असं परंपरा सांगते. पण उघड्यावरची दगडी आसनं, त्यावर उतरणारे पितर, हे त्याच्याही आधीचं, ते म्हणाले.

मग त्यांनी त्यांच्या वडिलांच्या पिढीची गोष्ट सांगितली. इंडोनेशियाच्या पंचशीलाचं पहिलं तत्त्व एका देवावर श्रद्धा. बालीच्या धर्माला सुरुवातीला सरकारदरबारी धर्म म्हणून मान्यता नव्हती. देव किती, ग्रंथ कोणता, ऋषी कोण, या प्रश्नांची उत्तरं द्यावी लागली. ती शोधत बालीचे लोक भारताकडे वळले. गायत्रीने सुरू होणारी त्रिसंध्या, जी आज तिथे रोज तीन वेळा ऐकू येते, तिला आजचं रूप १९५० च्या दशकात मिळालं. १९५८-५९ मध्ये मान्यता मिळाली. सांग ह्यांग विधी हे एका परमेश्वराचं नाव पुढे आलं. "आम्ही नाव सांगायला शिकलो," ते म्हणाले. "करत तर आधीपासूनच होतो."

मला वाटतं, माझ्याबरोबर चालत आलेल्या प्रश्नाचं उत्तर ते हेच होतं. संस्कृत शब्द, शक, रामायण हे सगळं त्यांनी घेतलं, आणि नाइलाजाने नाही, निवडून घेतलं. पण ते बसवलं स्वतःच्या पर्वत-समुद्राच्या अक्षावर, स्वतःच्या पितरांच्या ओट्यावर. पोथी आमच्याकडेही होती. त्यांच्याकडे जुन्या जावी भाषेतलं काकाविन रामायण एकजण गातो आणि दुसरा प्रत्येक ओळीचा बाली भाषेत अर्थ सांगतो, अजूनही, गावोगावच्या मंडपांत. आमच्या गावातलं पोथीचं वाचन माझ्या आजीबरोबर गेलं.

सूर्यास्ताला आईने गुढी उतरवली. मग अंधार पडला, खरा अंधार. लाखो माणसांच्या बेटावर एकही दिवा नाही. आकाशात मृग माथ्यावर, शेजारी व्याध, आणि दक्षिणेला इतका उंच अगस्ती मी महाराष्ट्रातून कधी पाहिला नव्हता. पश्चिमेची चंद्रकोर नारळांआड गेली होती. त्याच कोरीवरून इंडोनेशियात दुसऱ्या दिवशी पहिला रोजा धरला गेला. आई अंगणातल्या बाकावर पडून होती. झोपली असेल असं वाटलं, तर म्हणाली, "आजीच्या लहानपणी रोजच असं दिसत असेल."

सातवा दिवस : गुरुवार, २३ मार्च, जातिलुविह

सहा वाजले आणि कुठेतरी पहिली स्कूटर सुरू झाली. आज एकमेकांकडे जाऊन क्षमा मागायचा दिवस. निघताना इबूंनी आमच्यासमोर हात जोडले, आम्ही त्यांच्यासमोर. मग त्यांनी आईच्या हातात एक तबक ठेवलं. परवा बाजूला काढलेलं चौथं कनांग, त्यात आजची ताजी फुलं.

जातिलुविहच्या पायऱ्यापायऱ्यांच्या भातखाचरांना २०१२ मध्ये जागतिक वारशात स्थान मिळालं, पण मान मिळाला तो देखाव्याला नव्हे, सुबाकला. एका पाटावरचे सगळे शेतकरी मिळून एक सुबाक. पाणी कधी कोणाला, लावणी कधी, पड कधी, हे पाणीदेवळांच्या उत्सवांबरोबर ठरतं. १९७० च्या दशकात सरकारने नव्या बियाण्यांसाठी सांगितलं की जमेल तितक्या वेळा भात घ्या, देवळांचं वेळापत्रक सोडा. मग किडी बेसुमार वाढल्या. सगळ्यांनी एकदम पड ठेवली की किडीला खायला उरत नाही, हे ते जुनं वेळापत्रक करत होतं. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग यांनी ते संगणकावर मांडून दाखवलं, तोवर पीकं बुडून झाली होती.

एका बांधाशी पाट दुभागत होता. नारळाच्या खोडाला दोन खाचा पाडून आडवं टाकलेलं, एका खाचेचं पाणी या खाचरात, दुसरीचं त्या. शेजारी बांबूचं हातभर देवघर. एक शेतकरी चिखलाचे पाय धुऊन तिथे उभा होता. त्याने आईच्या हातातलं तबक पाहिलं आणि थोडं बाजूला सरकला.

आईने चप्पल काढली. वाकडा कोपरा आपल्या बाजूला येईल असं धरून तिने कनांग देवघरात ठेवलं. खालून पाणी दोन खाचांतून वाहत होतं. शेतकऱ्याने फुलं बोटाने जरा फिरवली, पांढरी पूर्वेला आली.